शिमग्यापर्यंत परगावचा

ज्या गृहस्थाविषयी मी लिहावयास बसलो आहे त्याचे नाव मी मुद्दाम घालीत नाही. माझ्या धंद्यात नाव, बापाचे नाव, वय आणि राहणार कोठला हे पहिल्या दोन ओळींत यावेच लागते. ते न घातलेला कागद कचेरीच्या उंबऱ्यावरूनच परत येतो, हे मला पुरते ठाऊक आहे. परंतु त्यांची स्वतःचीच तशी ताकीद होती. मैदानावर कोणी त्यांना नावाने हाक मारली की ते भडकत. "नाव घेतलंस का मानूस मागं बगतो," ते म्हणत, "नि मागं बगितला का मेला." तेव्हा त्यांस मालक म्हणतो. ते माझे घरमालक होते, म्हणून हा शब्द खोटाही नाही.

मी ठाण्यास कचेरीबाहेर पिंपळाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. मराठी चौथी इयत्ता मी पुरी केली, आणि पुढचे सर्व शिक्षण सरकारी कागदांवरून मिळविले. माझ्या एका अर्जाचा मायना वाचून खुद्द मामलेदारसाहेबांनी "हा कोणी लिहिला?" असे विचारले होते. हे सांगण्याचे कारण इतकेच की, मी कोणाची फुकट स्तुती करणारा मनुष्य नव्हे. ज्याची त्याची बाजू तोलून मांडणे हा माझा रोजचा उद्योग आहे.

धंद्यास आरंभ केला तेव्हा मी खाडीच्या पूर्व काठच्या एका आगरी गावात, मालकांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहत असे. मालकांचे मिठागर होते. साठीच्या पुढचे वय, अंगाने काटक, रंगाने खाऱ्या वाऱ्यात पडलेल्या लाकडासारखे. चालत मात्र आडवे. गल्लीत, बाजारात, देवळाच्या दारात, कोठेही सरळ चालत म्हणून नसत. समोरून माणूस आला की एक खांदा पुढे, कंबर मागे, आणि डोळे त्या माणसाच्या पोटावर. परगावचे लोक त्यांना खिसेकापू समजून आपली कनवटी चाचपीत.

हे सर्व आट्यापाट्यांमुळे. भात कापून खळी उठली की खाडीकाठची व नदीकाठची गावे या खेळाचे सामने धरीत. रिकाम्या खाचरात आडव्या पाट्या आखावयाच्या, प्रत्येक पाटीवर एक गडी वाट अडवून उभा. समोरच्यांनी एकेक पाटी ओलांडीत टोकास जावयाचे आणि कोणाची थाप न खाता परत यावयाचे. जो परत आला त्याने लोण आणले. अडविणाऱ्याचा पाय पाटीबाहेर गेला तर त्याची थाप फुकट. हरलेले गाव घरी बसे, जिंकलेले पुढच्याशी भिडे, आणि असे होता होता पौष सरता सरता दोनच गावे उरत. मालक आमच्या गावचे वस्ताद होते, आणि मी त्यांचा मुखत्यार. म्हणजे सामन्याच्या दिवशी दुसऱ्या गावाशी बोलणे, अटी ठरविणे आणि हरकती घेणे हे काम माझ्याकडे. शुद्ध बोलणारा दुसरा कोणी गावात नव्हता.

घरातही त्यांचा खेळ चाले. एकदा मी प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारा गाव आजी म्हणत असे, स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या, आणि मालक ओसरीवरून डावीउजवीकडे हुलकावण्या देत आहेत.

"बाय, अडव मना," मालक म्हणाले.

"अडवू कशाला?" आजी जागच्या हालल्या नाहीत. "भात माज्या पाठी हाय. जाशील कुटं?"

मालक थबकले, विचारात पडले, आणि मजकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "पंत, ही बाय दुसऱ्या गावात जल्मली असती त आपन कवाच जिंकलो नसतो."

एकदा एका बांधाच्या तंट्यात साक्षीदार म्हणून त्यांस कचेरीत बोलावणे आले. तेथे फरशीची एक आडवी ओळ पाहून ते तिच्यावर जे उभे राहिले ते हलेनात. साहेबांनी "पुढे या" असे तीन वेळा फर्माविले. मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, जबानी हितून देतो. ही पाटी सोडली का माजी बोली फुकट जाईल." साहेब हसले, आणि जबानी तेथूनच लिहून घेतली. मी त्या वेळी तेथे हजर होतो, आणि हा माणूस आमच्या गावचा आहे असे दोघा वकिलांना आपण होऊन सांगितले.

गड्यांची स्तुती ते कधी करीत नसत. सबंध डाव एकट्याने तारणाऱ्या गड्यास म्हणत, "बरा धावलास. कुत्रा पाठी लागल्यावर धावतात तसा." सामन्याच्या दिवशी पलटणीतून सुटलेल्या एका हवालदाराकडून मिळविलेला लाल डगला अंगात घालीत, त्याच्या बाह्या त्यांना कोपरापर्यंतच येत.

आता आमच्या मुलखातील दोन रिवाज सांगितले पाहिजेत, कारण पुढचे सर्व त्यांवर उभे आहे.

पहिला असा की, शेवटचा सामना जे गाव जिंकेल त्या गावच्या सर्वांत वडील पुरुषाने त्या सालचे पहिले मीठ ओढावयाचे. लांब दांड्याची लाकडी फळी पाण्यात घालून मिठाचा पहिला ढीग त्याने काठाशी आणला, म्हणजे मग बाकीच्या आगरांत काम सुरू. याला पहिली फळी म्हणत. एका साली खडवलीचे गाव जिंकले, तेव्हा ज्याने जन्मात खाडी पाहिली नव्हती असा त्यांचा म्हातारा बैलगाडीतून आणावा लागला. त्याने आगरातले पाणी चाखले आणि थुंकून विचारले, "ह्यात तुमी जगता?" पण फळी त्यानेच ओढली.

दुसरा रिवाज उसन्या गड्याचा. जिंकलेल्या गावाने हरलेल्या गावाचा एक गडी, आपल्या पसंतीचा, मागून घ्यावयाचा. तो शिमग्यापर्यंत त्यांचा. राहील आपल्या घरी, जेवील आपल्या घरी, परंतु खेळेल त्यांच्याकडून, आणि मान, जय, अपजय सर्व त्यांच्या गावाबरोबर भोगील. नाही म्हणण्याची सोय नसे. या रिवाजामुळे हरलेले गावही शेवटच्या सामन्यास लोटत असे, कारण त्याचा एक माणूस तेथे उभा असे.

मालकांच्या वडिलांनी पहिली फळी ओढली होती. मालक आता गावात सर्वांत वडील होते, तरी त्यांना ती कधी मिळाली नव्हती. तरुणपणी ते खेळले, मग वस्ताद झाले, परंतु आमचे गाव शेवटपर्यंत पोहोचेना. आणि ज्या हंगामाची मी गोष्ट सांगतो त्या हंगामात त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडू लागले होते. खेळाच्या आरंभी त्यांनी सर्व गड्यांना ओसरीवर बसविले, आणि जन्मात प्रथमच त्यांच्यापाशी काही मागितले.

"पुढल्या साली मीट नि पानी मना येकच दिसंल," ते म्हणाले. "औंदा ओढली त ओढली."

आजी आत गेल्या.

त्या साली आम्ही प्रथम ठाकुर्लीस हरविले. त्यांच्यात एक पहिलवान होता, दोन पाट्या पायांखाली घालील असा. सर्वांना वाटले मालक तोच मागणार. मालकांनी मागितला थाप खाऊन बांधावर डोळे पुसत बसलेला एक लुकडा गडी. खडवलीस जाऊन आम्ही त्यांच्या खाचरात त्यांना हरविले, तेथे मालकांनी एक गुराखी मागितला. मी कारण विचारले.

"थाप लागली तवा तो हसला, पंत."

"हसला म्हणून?"

"आपल्याच फजितीला हसला. असा मानूस थकत नाय."

दोन्ही गडी अव्वल निघाले, हे मी येथे नमूद करतो.

तिसरा सामना शीळफाट्याकडच्या गड्यांशी. त्यांच्यात एक काळासावळा, मिचमिच्या डोळ्यांचा मनुष्य होता. त्याची लबाडी खाडीच्या दोन्ही काठांवर जाहीर होती. धोतर ओढावे, पाय बाहेर टाकून थाप मारावी, आणि पंचासमोर देवाधर्माची शपथ घ्यावी की पाय आतच होता. त्या सामन्यात मी त्याच्यावर लागोपाठ हरकती घेतल्या, आणि पंचाने त्यातील बहुतेक मान्य केल्या. आम्ही जिंकलो. पंचाने विचारले, कोणता गडी देऊ?

मालकांनी बोट केले ते त्याच मनुष्याकडे.

आमच्या गड्यांत आरडाओरडा झाला. मी मालकांस बाजूला घेतले आणि शांतपणे, मुद्देसूद रीतीने सांगितले की, हा इसम आपल्या लौकिकास बट्टा लावील.

"खरं हाय," मालक म्हणाले.

"मग?"

"हरल्यावर समदे आपल्या पायाकडं बगत व्हते. ह्यो येकटा पंचाकडं बगत व्हता. त्याला वाटतंय खेल पंचाच्या डोल्यात असतो. त्याला मी पुढली पाटी देनार."

पुढली पाटी म्हणजे पहिली आणि शेवटची. जाताना तीच प्रथम ओलांडावयाची आणि परतताना तीच शेवटी. गावाची अब्रू तेथे उभी असते. तो मनुष्य स्वतःही चकित झाला असावा. तो मालकांजवळ येऊन म्हणाला, "म्हाताऱ्या, मना वलखतोस का?"

"तुना कोन नाय वलखत?" मालक म्हणाले. "चल, आंबील पी."

त्यानंतर रोज दुपार टळली की मालक त्याला मिठागरांमधल्या बांधावर नेत. बांध वीतभर रुंद, दोहीकडे पाणी. त्यावर त्यास उभे करून मालक स्वतः समोरून हुलकावण्या देत. पाय घसरला की तो पाण्यात पडे. पंच नाही, हरकत नाही, शपथ नाही. पहिल्या दिवशी तो पडला तेव्हा ओरडला, "पाय बांदावरच व्हता!" मालकांनी पुढच्या हुलकावणीसाठी खांदा पुढे केला. तो गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा होता. थोड्या वेळाने तो आपल्याशीच हसला आणि वर चढला.

शेवटचा सामना पलीकडच्या काठच्या ख्रिस्ती वस्तीशी, म्हणजे पाखाडीशी, झाला. पाखाडीचे लोक शेतकरी आणि कोळी, अंगाने चपळ, आणि त्यांचे मुकादम हे पाखाडीत सर्वांत वडील, तरी मालकांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, स्थूल आणि फार तोंडाळ. त्यांच्या होड्या आमच्या काठाला लागताच मुकादमांनी मालकांस हाक दिली.

"काय रं लाल डगल्या, अजून जिता हायस?"

"तुला हरवल्याबिगर कसा मरू?"

"मंग तू अमर झालास, बाबा!"

दोन्ही गावे हसली. तेथे कल्याणपासून खडवलीपर्यंतचे लोक आले होते. पंच कल्याणचे एक वृद्ध गृहस्थ होते.

सामना सकाळी जेवणवेळेपूर्वी सुरू झाला आणि ऊन कलेपर्यंत चालला. मी त्याचे सर्व वर्णन करीत नाही. लुकड्याने पाखाडीचे तीन गडी मारले, गुराख्याने एक लोण आणले आणि येताना खरोखरच हसत आला. शेवटच्या डावात दोन्हींकडची लोणे सारखी होती, आणि ती सारखीच राहिली तर सामना अडविणाऱ्यांचा, असा नियम होता. पाखाडीचा एकच गडी जिता उरला होता, एक सडपातळ कोळी. तो टोकापर्यंत गेला, परत फिरला, एकेक पाटी चुकवीत आला. आता फक्त पुढली पाटी राहिली, आणि तिच्यावर शीळचा तो मनुष्य.

कोळ्याने उजवीकडे झेप दाखविली आणि डावीकडून निसटला. शीळवाला सबंध आडवा झाला. थाप खांद्यावर बसली. तिचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला. त्याच क्षणी दोन्ही गावे मैदानात घुसली. कोळी मेला असेल तर आमचे गाव जिंकले. शीळवाल्याचा पाय बाहेर गेला असेल तर लोण झाले, आणि पाखाडी जिंकली.

लोकांच्या पायांनी पाटीची रेघ केव्हाच पुसून गेली होती. पंच वाकून पाहू लागले, उठले, आणि म्हणाले, "मला दिसले नाही. मीठ आणा."

आमच्याकडे असा निवाडा मिठावर होतो. केळीच्या पानावर मूठभर मीठ ठेवतात, आणि ज्याने थाप मारली त्याने त्यावर हात ठेवून सांगावयाचे. मीठ हे कोणा एका देवाचे नव्हे, म्हणून हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही ते मानतात. मी माझे भाषण तयार केले. त्याने पाय आत होता असे म्हटले तर पुरावा पुरा होता. न म्हटले तर, साक्षीदार परगावचा आहे, सबब त्याची साक्ष ग्राह्य नाही, असे मी म्हणणार होतो.

पाखाडीचे मुकादम हताश होऊन म्हणाले, "ह्याच्या हाताखाली मीट? ह्यो त समिंदर पिऊन खोटं बोलंल!"

आमचे लोक आनंदले. त्यांना निकाल लागल्यासारखाच होता. तो मनुष्य पुढे आला. त्याने हात मिठावर ठेवला, आणि सवयीप्रमाणे पंचांकडे पाहिले. मग त्याने मान खाली घातली आणि आपल्या पायांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"पाय भाईर व्हता," तो म्हणाला.

मग आमच्या लोकांनी त्याच्या आईबापांचा उद्धार सुरू केला. कोणी तरी माती फेकली. मी पुढे होऊन "सबब" एवढे बोललो असेन, तोच मालकांनी माझ्या छातीवर हात ठेवून मला थांबविले. ते आडवे नव्हे, सरळ चालत मैदानाच्या मध्यापर्यंत गेले. त्यांना तसे चालताना मी पूर्वी पाहिले नव्हते.

"लोण त्यांचं," ते पंचांस म्हणाले. मग गावाकडे वळले. "नि तोंडं संबाला. शिमग्यापरत ह्यो आपला मानूस हाय. आपला मानूस काय बोलला, ऐकलात ना समद्यांनी?"

असे म्हणून त्यांनी लाल डगला काढला आणि त्या मनुष्याच्या खांद्यावर टाकला. तो त्यास बरोबर बसला. शीळवाला तोंड झाकून रडू लागला, आणि ज्याने माती फेकली होती त्यानेच त्यास पाणी दिले. मी अनेक खटले पाहिले आहेत, वकिलांची मोठमोठी भाषणे ऐकली आहेत. परंतु हरलेले गाव इतके ताठ मानेने उभे राहिलेले मी दुसरीकडे कोठे पाहिले नाही.

राहिला रिवाज. पंचांनी पाखाडीस विचारले, हरलेल्यांचा कोणता गडी घेता? मुकादम पुढे आले. थट्टा त्यांच्या तोंडावरून गेली होती.

"आमाला तुमचा म्हातारा पायजे."

मालक दचकले. "मी गडी नाय. मी वस्ताद."

पंचांनी त्यांच्या पायांकडे पाहिले. "मैदानात अनवाणी जो उभा, तो गडी. तुम्ही अनवाणी आहा."

तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. मालक पाखाडीचे झाले तर मुकादमांहून वडील, म्हणजे पाखाडीतील सर्वांत वडील पुरुष तेच. मालकांच्याही ध्यानात आले असावे, कारण त्यांचा आवाज चिरकला.

"पंत! हरकत घ्या!"

मी पगडी सारखी केली, आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "हरकत नाही." माझ्या सबंध मुखत्यारीत मी सोडलेली ती एकच हरकत, आणि तिच्याइतका चोख कागद मी आजवर लिहिलेला नाही.

माघात, सकाळी, पाखाडीच्या आगरात दोन्ही काठांचे लोक जमले. मालकांनी फळी हातात घेतली. डोळे बारीक करून ते पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटलेच, आणि फळीच्या दांड्यातून मिठाची करकर हाताला लागेल तशी ती सावकाश ओढीत आणली. काठाशी पांढरा ढीग उभा राहिला. मुकादमांनी क्रूसाची खूण केली, आमच्या बायांनी हात जोडले. मालकांनी ढिगातला एक खडा जिभेवर ठेवला आणि बापाचे नाव घेतले. मोठ्याने, सर्वांसमोर.

पण रिवाज म्हणजे रिवाज. घरी येताना त्या मिठाचा कणही त्यांनी आणला नाही, ते पाखाडीचे मीठ होते. त्या दिवसापासून ते आम्हांस परगावचे लोक समजू लागले.

"का हो पंत," ओसरीवर बसून ते मला हिणवीत, "हरलात ना आमच्याकडून? तुमचा त्यो पुढल्या पाटीवाला बरा खेलला. बाकी तुमच्या गावात राम नाय."

"आपले गाव आहे हे, मालक."

"शिमग्यापरत नाय."

आजी आतून म्हणत, "मंग जेवाला होडीत बसून पाखाडीत जा!"

"उसना गडी आपल्या घरी जेवतो. रिवाज हाय." आणि पाट ओढून बसत.

फाल्गुन आला, होळी पेटली. धुळवडीच्या सकाळी मी दार उघडले तर मालक ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. न्याहारी तशीच पडली होती. मला वाटले प्रकृती बिघडली. मी विचारले, काय झाले?

त्यांनी मान वळविली. डोळे भरले होते.

"काल शिमगा झाला, पंत," ते म्हणाले. "आजपास्ना मी आपल्या गावचा. आपन हरलो की वो!"

मी त्यांच्याशेजारी बसलो. आट्यापाट्या सोडून त्यांनी कशासाठी शोक केलेला मी पाहिला नव्हता, आणि हा तर त्यांनी दीड महिना, कायद्याने, तहकूब ठेवला होता. आजी बाहेर आल्या, त्यांनी गार झालेली न्याहारी उचलली आणि गरम भाकरी व सुकट पुढे ठेवली.

"जेव," त्या म्हणाल्या. "आमी कवाचं रडून मोकलं झालो."